वीस घरांचा नळ

घोंगडी बोळात पाणी पाचव्या दिवशी येतं, पण रांग पहिल्याच दिवशी लागते. आज दुपारी पाणी गेलं की दिवेलागणीपर्यंत पुढच्या पाळीची भांडी नळापासून थेट बोळाच्या तोंडापर्यंत मांडून होतात. आता ही काही पाणी भरायची भांडी नव्हेत. चांगली घागर पाच दिवस रस्त्यावर ठेवायला कुणाचं डोकं फिरलंय? बूड गेलेली बादली, चेपलेली घागर, रंगाचा रिकामा डबा, एका घरची तर नुसती फुटकी कुंडी. घरटी एक नंबराचं भांडं, आणि कुठलं कुणाचं हे सगळ्या बोळाला पाठ. ज्याचा आज पहिला नंबर लागला त्याचं भांडं पुढच्या वेळी मागं जातं, बाकीची एकेक जागा पुढं सरकतात. घरात बाळंतीण असली किंवा मयत झाली तर त्या घराचं भांडं न विचारता पहिलं येतं. यावरून भांडणं होत नाहीत असं नाही, पण मिटतात.

मिटवते गुलबानो. बोळाच्या कोपऱ्यावरचं, नळासमोरचं घर तिचं. साठी ओलांडलेली बाई, उजवं मनगट जरासं वाकडं, आवाज मात्र असा की नळावरून हाक मारली तर जुन्या गिरणीच्या भिंतीपलीकडचा माणूस जागीच थबकावा. रांग सांभाळायचं काम तिला सासूकडून आलं आणि त्याच्यासोबत सासूचा नियमही आला. जी रांग सांभाळेल तिचं भांडं कायम शेवटी. बाकीची सरकतील, ते सरकायचं नाही. सासू म्हणायची, आपला हात सगळ्यांच्या भांड्यांवर फिरतो, तेव्हा आपलं शेवटीच बरं. सासूनं हा नियम केला तेव्हा पाणी रोज यायचं, हे सांगायला ती विसरली.

शेवटी राहणं काय असतं ते शेवटच्यालाच कळतं. बोळातल्या नळाला तोटी नव्हती. पहिली चोरीला गेली, दुसरीही गेली, तिसरी चौदा वर्षांपूर्वी एका म्हशीनं अंग घासून मोडली, आणि त्यानंतर महापालिकेनं आणि बोळानं दोघांनीही तिचा नाद सोडला. पाणी आलं की धो धो वाहायचं. एक घागर उचलून दुसरी लावेपर्यंत तांब्याभर पाणी गटारीत जायचं. वीस घरांच्या घागरी मोजल्या तर बोळातल्या कुठल्याही घरापेक्षा गटारीच्या वाट्याला जास्त यायचं. सव्वा तासात बोळाच्या वाट्याची टाकी सरली की चावीवाला चनबसप्पा चौकातली चावी फिरवून पाणी बंद करायचा, आणि बहुतेक वेळा तेव्हा गुलबानोची दुसरी घागर नळाखाली असायची. धार बारीक व्हायची, मग थेंब, मग नुसती हवा. माहेरीही असंच, सासरीही असंच. साठ वर्षांत पाणी दर वेळी आपणहून गेलं होतं. बस, पुरे झालं, म्हणून तिनं ते आपल्या हातानं कधी थांबवलेलं नव्हतं.

आणि तीच तिची हौस होती. दागिन्याची नव्हे, हजची होती पण ती अल्लाच्या हातात. ही हौस मात्र आता हाताशी आली होती.

तिचा मुलगा सोहेब चिंचोळी एमआयडीसीत फिटर होता. दोन वर्षांपूर्वी नळावरच्या शेवाळावरून पाय घसरून अम्मीचं मनगट मोडलं, तेव्हाच त्यानं ठरवलं की घरात नळ आणायचाच. बोळातली बाकीची एकोणीस घरं बंद गिरणीच्या जागेवर होती. जागेचा खटला कोर्टात, म्हणून घरांना कागद नाही, आणि कागद नाही म्हणून नळ नाही. गुलबानोचं घर तेवढं गिरणीच्या हद्दीबाहेर. तिचा नवरा ट्रक चालवायचा. त्यानं हयातीत बरेच उद्योग केले, पण त्यातला एक शहाणपणाचा होता, त्यानं हे घर नावावर करून घेतलं. सोहेबनं मोबाइलवरून अर्ज केला, सुट्टी टाकून खेटे घातले, आणि गेल्या आठवड्यात मंजुरी आली. त्याच दिवशी तो कामावरून येताना पितळी तोटी घेऊन आला. प्लंबर यायला अजून दहा दिवस होते, तोपर्यंत ती वर्तमानपत्रात गुंडाळून कोनाड्यात ठेवलेली. दुपारी घरात कुणी नसलं की गुलबानो ती काढायची, डाव्या हातात धरायची आणि उजव्यानं फिरवायची. उघड. बंद. उघड. बंद. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं, म्हणून ती दार लोटून घ्यायची.

कुठं माशी शिंकली म्हणाल, तर महापालिकेत. बऱ्याच वर्षांनी निवडणूक होऊन सभागृह भरलं होतं आणि नव्या नगरसेवकांपुढं पाणीपुरवठ्याच्या नव्या नियमांचा मसुदा आला होता. सार्वजनिक नळांवर फार नासाडी होते, म्हणून ते कमी करायचे. घरात नळ नसलेली निदान वीस कुटुंबं ज्या नळावर अवलंबून असतील, तो ठेवायचा. बाकीचे बंद, तिथं टँकर. नियम काही अगदीच वाईट नव्हता. वीस म्हणजे बरोबर घोंगडी बोळ. पण एका दुपारी चनबसप्पा सायकल ढकलत आला आणि गुलबानोच्या पायरीवर बसून राहिला.

"भाभी, यादी लागलीया," तो म्हणाला. "आपला नळ वापरात न्हाय म्हणून लिवलंय. बंद करायच्या यादीत हाय."

"वापरात न्हाय?" गुलबानो ओरडली. "कोण म्हनतंय?"

चनबसप्पानं खाली मान घातली. तो भला माणूस होता. "तुमीच म्हनला हुता की भाभी," तो हळूच म्हणाला.

त्याचं असं झालं होतं. महिन्यापूर्वी चनबसप्पानंच बातमी आणली होती की उद्या नळ बघायला माणसं येणार. गुलबानोनं बोळावर एक नजर फिरवली. फुटक्या बादल्या, गंजके डबे, ती कुंडी. मोठ्या हुद्द्याची माणसं येणार आणि पहिल्यांदा ही भंगाराची रांग बघणार? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उचला," तिनं हुकूम सोडला, "सगळी भांडी घरात न्या. सायबलोक काय म्हनतील?" भांडी गेली. नळाचा कट्टा घासला गेला, त्याला चुना लागला. शेजारची नागव्वा, अक्कलकोटकडची बाई, हौसेला तिच्या मोल नाही. तिनं नळाभोवती रांगोळी काढली, आणि काढतेच आहे तर म्हणून मोगऱ्याचा गजराही नळाला गुंडाळला.

आणि मग हातात मोबाइल घेतलेली, कुठल्या तरी एजन्सीची दोन तरुण माणसं आली. दिवस तिसरा, म्हणजे पाणी नसलेला. त्यांना गुलबानोच्या ओट्यावर बसवलं, सरबत दिलं. त्यांनी विचारलं, पाण्याची काही अडचण? आता घरी आलेल्या पाहुण्यापुढं रडगाणं कोण गातं? गुलबानो हसून म्हणाली, "अल्लाची मेहरबानी हाय. काई कमी न्हाय बघा." नागव्वानं दारातून दुजोरा दिला, "लई मजेत हाय की." त्या दोघांनी सरबत संपवलं, नळाचा फोटो घेतला, मोबाइलवर टिचक्या मारल्या आणि गेले. त्यांचं तरी काय चुकलं? ऐकलं ते लिहिलं.

चनबसप्पा गेल्यावर गुलबानो पायरीवरच बसली. समोर रांग होती, वीस भांडी, नेहमीसारखी. छत्तीस वर्षांत तिनं ती एकदाच उचलली होती, आणि ती लाजेपायी. आपल्या घरात पुढच्या आठवड्यात नळ येतोय हे तिला आठवलं आणि पहिल्यांदाच त्याचा आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी नगरसेवक शिवराजअण्णा बोळात आले. निवडून येऊन त्यांना चारच महिने झाले होते, तेव्हा अंगात जोर होता. ते म्हणाले, घागर मोर्चा काढू. महापालिकेच्या दारात घागरी फोडू, फोटो पेपरात येईल.

"अण्णा, घागरी फोडायच्या मग पानी भरायचं कशात?" गुलबानोनं विचारलं. "तुमच्या घरच्या आना, लागतील तेवड्या फोडू."

बोळ हसला. शिवराजअण्णाही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मग त्यांनीच माहिती काढली की नियमांवर हरकती मागवल्यात आणि सोमवारी सुनावणी आहे. हरकत त्यांनी स्वतः लिहून दिली, खाली वीस घरांचे अंगठे आणि सह्या घेतल्या.

सोमवारी गुलबानो, नागव्वा आणि बोळातल्या सहा बायका दोन रिक्षांतून महापालिकेत गेल्या. लांबलचक टेबलामागं पाणी खात्याचे मोठे साहेब होते, त्यांच्या शेजारी सोनाली मॅडम, कनिष्ठ अभियंता, नातेपुत्याकडची तिशीतली मुलगी. घोंगडी बोळाचं नाव पुकारल्यावर सोनालीनं पडद्यावर फोटो लावला. चुन्यानं पांढराशुभ्र कट्टा, भोवती रांगोळी, नळाला गजरा, आणि आसपास माणूस नाही की भांडं नाही.

"हा नळ आहे की देऊळ?" मोठे साहेब म्हणाले. खोलीत खसखस पिकली.

शिवराजअण्णा उठले. सर्वेक्षण बोगस आहे, एजन्सीवर कारवाई करा, असं त्यांचं सुरू झालं. आवाज चढायला लागला तशी गुलबानो उभी राहिली. बोलायचं तिनं रिक्षातच ठरवलं होतं. मागं बोळातल्या बायका बसल्या होत्या. छत्तीस वर्षं ती त्यांच्या चुका काढत आली होती.

"त्या पोरांना बोल लावू नगा," ती म्हणाली. "भांडी मी उचलाया लावली. लाज वाटली म्हनून. आन् कमी न्हाय असं मीच बोलले. चूक माजी हाय, सायेब. पर नळ वीस घरांचा हाय."

हसू थांबलं. मोठे साहेब सोनालीकडं वळले. तिनं कागद उलटले आणि म्हणाली, "सर, पुन्हा एकदा बघून येते मी. स्वतः जाते." जाता जाता गुलबानोजवळ थांबून तिनं हळूच विचारलं, "मावशी, भांडी कशाला उचलली पण?" गुलबानो पदर सारखा करत राहिली. सोनालीच म्हणाली, "आमच्या आईनं पण उचलली असती."

ती न सांगता आली, गुरुवारी सकाळी. पाण्याचा आदला दिवस. रांग जिथं असायची तिथं होती, आणि या वेळी एक डबासुद्धा हललेला नव्हता. सोनालीनं प्रत्येक भांड्यापाशी त्या त्या घरच्या बाईला उभं केलं, नाव विचारलं, मोबाइलमध्ये घर तपासलं आणि पुढं गेली. पाणी अजून एक दिवस लांब आहे, मग रांग आत्ता का, हे तिनं विचारलं नाही. नागव्वाच्या मनात तेवढ्यावरून तिच्याबद्दल आदर निर्माण झाला.

एकोणीस भांडी झाली. विसावी चेपलेली जर्मनची घागर, रांगेच्या टोकाला.

"हे तुमचं?" सोनालीनं विचारलं.

"व्हय. मी कायम शेवटाला."

सोनालीनं नाव टाकलं आणि मोबाइलकडं बघतच राहिली. "मावशी, तुमची घरची जोडणी मंजूर झालीय की. मागच्या आठवड्यात."

"व्हय, पर नळ आला न्हाय अजून."

"आला नसला तरी मंजूर म्हणजे मला धरता येत नाही. तसं स्पष्ट लिहिलंय." तिनं रांगेकडं पाहिलं. "एकोणीस होतात."

मग नागव्वा पुढं आली. "अय्यो, एकच की कमी! माजा पोरगा प्रभु येगळी चूल करतोय म्हनून लिवा. झाले वीस."

प्रभु दारात उभा राहून चहा पीत होता. आपण वेगळे झाल्याचं त्याला तिथंच कळलं.

"काल रातीला एका ताटात जेवत हुता की नागव्वाक्का," गुलबानो म्हणाली. "नगं. एकदा खोटं सांगून झालंय माजं. आता पुरं."

"मलाही लिहिता येणार नाही," सोनाली म्हणाली. तिचा आवाज पडला होता. "उद्या सभेपुढं यादी जाणार. आज सहापर्यंत मला अहवाल भरायचाय."

गुलबानोनं आपल्या दाराकडं पाहिलं. उंबऱ्याशेजारी प्लंबरनं खडूनं फुली मारून ठेवली होती, पाइप कुठून आत न्यायचा त्याची खूण. ती फुली तिनं पंधरा-वीस वेळा तरी पाहिली असेल.

"मंजूर झालेलं मागं घेता येतं का?" तिनं विचारलं.

सोनालीला क्षणभर समजलं नाही. समजल्यावर ती म्हणाली, "येतं. पण मावशी, नीट ऐका. पुन्हा अर्ज केलात तर तो नव्या नियमात जाईल, सगळ्यांच्या मागं. एक वर्ष लागेल, चार लागतील, मी सांगू शकत नाही. घाई करू नका."

"मागंच असते मी," गुलबानो म्हणाली. "कसं करायचं तेवडं सांगा."

रद्द करायचं तर ज्या मोबाइलवरून अर्ज झाला त्यावर सहा आकडे येणार होते. म्हणजे सोहेबच्या. त्याची पाळी तीनला सुटायची. सोनाली म्हणाली की मी दुसरे दोन नळ बघून पाचला परत येते, तोवर घरात बोला.

सोहेब साडेचारला आला तेव्हा अम्मी दारातच बसली होती. तिनं सगळं सांगितलं. त्यानं डबा खाली ठेवला, गाडीची किल्ली भिंतीवर अडकवली, आणि मग त्याचा स्फोट झाला.

"अम्मी, पागल हुई क्या?" बोळाला ऐकू जाईल असा तो ओरडला. "दोन वर्षं! सोळा खेटे घातले मी. तुझा हात बघ. अजून तुला पोळपाटावर जोर देता येत नाही. परत पडलीस तर? बोळ येणार आहे का तुला उचलायला?"

"मागल्या टायमाला बोळानंच उचललं हुतं," गुलबानो शांतपणे म्हणाली. "तू कंपनीत हुता. नागव्वानं पदर फाडून हात बांदला."

सोहेबचा राग गेला नव्हता. तो आत जाऊन कोनाड्यासमोर उभा राहिला. वर्तमानपत्राची पुडी हातात घेतली. कागद घड्यांवर मऊ पडला होता, इतक्या वेळा उघडून मिटलेला. त्यानं ते पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं.

"तुला किती पाहिजे होता हा नळ," तो बाहेर येऊन म्हणाला. या वेळी आवाज खाली होता. "खोटं बोलू नकोस."

"लई पायजे हुता," गुलबानो म्हणाली, आणि तिला रडू आलं. रडू लपवायची तिला सवय नव्हती, तशी ती पदरानं डोळे पुसत बोलत राहिली. "पर बघ, रांग मी उचलली. माज्या लाजंसाठी. आता आपल्या घरात पानी वाहील आन् समोर एकोणीस घरं टँकरमागं पळतील. मला दिसनारच की रे, दार समोरच हाय. मग ती तोटी मी फिरवू कशी?"

पाचला सोनाली आली. ओट्यावर बसून तिनं मोबाइल उघडला, काही दाबलं. सोहेबच्या खिशात टुण्ण असा आवाज झाला. त्यानं मोबाइल काढला आणि तसाच धरून उभा राहिला. समोरच्या दारांतून बायका बघत होत्या. नागव्वाच्या घरी कुकरची शिट्टी झाली तीही नको तेव्हा झाल्यासारखी वाटली.

"सात," सोहेब म्हणाला. "शून्य. चार." मग थांबला. अम्मीकडं बघितलं. ती नळाकडं बघत होती. "चार. नऊ. दोन."

सोनालीनं आकडे घातले. "झालं," ती म्हणाली आणि अहवालात वीस लिहिलं.

सभा दुसऱ्या दिवशी भरली. मसुद्यावर चार तास चर्चा झाली, त्यातला तास कुणी आधी बोलायचं यावर गेला, आणि नियम मंजूर झाले. घोंगडी बोळाचा नळ ठेवायच्या यादीत गेला. शनिवारी सकाळी बोळाच्या तोंडाशी शिवराजअण्णांचा फोटो असलेला फ्लेक्स लागला, आपल्या प्रयत्नांतून नळ वाचला म्हणून. हरकत त्यांनीच लिहून दिली होती, तेवढा फ्लेक्स त्यांना माफ होता.

फक्त एक अट होती. ठेवलेल्या प्रत्येक नळाला पंधरा दिवसांत तोटी असली पाहिजे, नाही तर तो बंद समजला जाईल. आणि चनबसप्पानं आणलेल्या खबरीप्रमाणं, महापालिकेच्या तोट्यांची निविदा अजून निघायची होती. बोळात यावर खल सुरू झाला. कुणी म्हणालं वर्गणी काढू, कुणी म्हणालं अण्णांकडं मागू. गुलबानो आत गेली आणि वर्तमानपत्राची पुडी घेऊन बाहेर आली.

ती तिनं सोहेबच्या हातात दिली. त्यानं घरातून पाना आणला, गुडघ्यावर बसून पाइपाचं तोंड साफ केलं, सुताचा धागा गुंडाळला आणि तोटी घट्ट बसवली. वरून लोखंडी पट्टीही आवळली, म्हणजे काढायला येणाऱ्याला घाम फुटावा. नागव्वा म्हणाली, "चोर येऊ दे तर खरं, माज्या खिडकीखाली हाय ती." म्हशीचा विषय मात्र कुणी काढला नाही.

पाण्याचा दिवस आला. दुपारी तीनला पाइपात घरघर झाली, सोहेबला त्या दिवशी सुट्टी होती, त्यानं तोटी उघडली आणि पहिली घागर लागली. मग बोळानं जे चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं ते झालं. घागर भरली, तोटी बंद. दुसरी लागली, तोटी उघड. गटार कोरडी. बायकांना सवय नव्हती, त्या उगाच घाई करत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, आणि गुलबानो नेहमीच्या आवाजात ओरडत होती, "सावकाश, पानी पळून चाललं न्हाय."

मध्येच तिचं लक्ष गेलं. तिची चेपलेली घागर रांगेत पहिल्या जागी कुणीतरी आणून ठेवली होती.

"हे कुनी केलं?" ती म्हणाली. "माज्या घरात बाळंतीन हाय की मयत झालीया?"

नागव्वा आभाळाकडं बघत होती. गुलबानोनं घागर उचलली आणि रांगेच्या कडेनं चालत जाऊन पुन्हा टोकाला ठेवली.

तिचा नंबर आला तेव्हा तासाहून जास्त वेळ झाला होता. तिनं सवयीनं पहिल्यांदा मोठी घागर लावली, कारण दुसरी भरेल याचा भरवसा कधीच नसायचा. घागर भरली. दुसरी भरली. हंडा भरला, बादली भरली. धार तशीच होती. सोहेब आत जाऊन भाताचं पातेलं घेऊन आला, तेही भरलं. मग कळशी, मग पिण्याचा माठ, मग तांब्या. आणखी काही आहे का, म्हणून तो घरभर बघून आला आणि दोन्ही हात रिकामे घेऊन परतला.

बोळ उभा होता. भरलेल्या घागरी कुणी आत नेल्या नव्हत्या. चौकात चनबसप्पा चावीवर हात ठेवून गुलबानोकडं बघत थांबला होता.

तिनं वाकडं मनगट तोटीवर ठेवलं आणि फिरवलं. पाणी थांबलं. तिनं तसाच थोडा वेळ हात तिथं ठेवला, पितळ ओलं आणि गार होतं.

"भाभी," चनबसप्पानं चौकातून हाक दिली, "टाकीत अजून दहा मिन्टांचं पानी हाय."

"असू दे," गुलबानो म्हणाली. "पुरे झालं."